थंडीच्या पहाटे उठवतं कोण?

वारणानगरात कुस्तीचं मोठं मैदान भरतं ते ऐन थंडीत. वारणेच्या सहकाराचे प्रवर्तक तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीला, १३ डिसेंबरला, वारणेच्या खोऱ्यातली, कोल्हापूर-सांगलीची आणि पार पंजाब-हरियाणातली नामवंत जोड इथं लागते. गावोगावच्या जत्रांची मैदानं त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत चालू राहतात. याचा अर्थ असा की, या मुलखात अंग कमावायचे दिवस म्हणजे थंडीचेच दिवस. कोडोली, पारगाव, बोरपाडळे या पट्ट्यात पहाटे चार-साडेचारला लंगोट चढवणारी पोरं पिढ्यान्‌पिढ्या झाली. त्याच गावांमध्ये आज दिवाळीनंतर फिरायला सुरुवात करणारे आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अंथरुणातच राहणारे लोकही भरपूर आहेत. दोघांची थंडी एकच. मग एकाला उठवतं कोण आणि दुसऱ्याला झोपवतं कोण?

या प्रश्नाला सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे मनाचा निर्धार. तो असेल तर माणूस उठतो, नसेल तर नाही. मला हे उत्तर अपुरंच नाही, तर घातकही वाटतं. त्यामुळे न उठलेला माणूस स्वतःला आळशी ठरवतो आणि तिथंच थांबतो. शरीरशास्त्र, तालमीची रीत आणि गेल्या पंचवीस वर्षांतलं सवयींवरचं संशोधन एकत्र ठेवून पाहिलं, तर निराळंच दिसतं. थंडीत टिकलेला व्यायाम बहुतेक वेळा आदल्या रात्री झालेल्या ठरावावर आणि बाहेर वाट पाहणाऱ्या माणसावर टिकलेला असतो. पहाटे पाच वाजताच्या मनावर त्याचा भार नसतो.

आधी थंडीचंच खरं माप घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं किमान तापमान साधारण १४ ते १६ अंशांच्या आसपास असतं. उत्तरेकडून गार वारं सुटलं की ते त्याखाली उतरतं. वारणेच्या काठानं उसाच्या पट्ट्यात, पाणी पाजलेल्या रानाशेजारी, गारठा शहरापेक्षा अधिक बोचतो आणि धुकंही दाट पडतं. तरीही शरीराला धोका व्हावा अशी ही थंडी नव्हे. एक स्वेटर, कानटोपी आणि दहा मिनिटांची हालचाल तिला पुरून उरते. खरी अडचण आहे ती अंधाराची. जूनच्या मध्याला इथं सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, जानेवारीच्या मध्याला सात वाजून पाच-सात मिनिटांनी. म्हणजे जो माणूस उन्हाळ्यात साडेपाचला उजाडता उजाडता बाहेर पडत होता, तो त्याच घड्याळाने जानेवारीत निघाला तर मिट्ट काळोखात पाऊल टाकतो. घड्याळ तेच असतं, पण शरीराच्या दृष्टीने वेळ तासाभराने अलीकडे सरकलेली असते.

शरीराचं आतलं घड्याळ प्रामुख्याने उजेडावर चालतं. आपलं अंतर्गत तापमान दिवसभर सारखं नसतं. रोजच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास ते सर्वांत खाली असतं आणि मग हळूहळू चढू लागतं. त्या चढणीच्या सुरुवातीलाच गजर झाला, तर माणूस उठून बसला तरी पूर्ण जागा होत नाही. डोकं जड असतं, निर्णय घेण्याची ताकद कमी असते. ही अवस्था बहुतेकांच्या बाबतीत पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात ओसरते. आता विचार करा, ‘आज जाऊ की नको’ हा प्रश्न आपण स्वतःला नेमका याच पंधरा मिनिटांत विचारतो. दिवसातल्या सर्वांत कमकुवत क्षणी सर्वांत अवघड निवाडा मागतो आणि तो विरुद्ध लागला की स्वभावाला दोष देतो. त्यात गार हवेने हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू ताठ असतात, सांधे कुरकुरतात. पहिली पाच मिनिटं कुणालाच सुखाची नसतात, नामांकित पैलवानालाही नाहीत. फरक एवढाच की त्याच्यापुढे प्रश्न नसतो.

तो का नसतो, हे समजायचं तर तालमीत जावं लागतं. हा या आढाव्याचा गाभा आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जे पाठबळ दिलं त्यातून कोल्हापूरची तालीम उभी राहिली. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, मठ, काळाइमाम ही नावं त्या परंपरेची. १९१२ साली खासबाग मैदान तयार झालं आणि या सगळ्या तालमींना वर्षभर राबण्यासाठी एक ठिकाण डोळ्यासमोर मिळालं. खेड्यापाड्यातल्या तालमी त्याच धर्तीवर चालल्या. एक खोली, मधोमध तांबड्या मातीचा हौदा, भिंतीला मारुती, कोपऱ्यात फावडं. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, इथल्या पोरांचं मन लोखंडाचं असणार. जवळून पाहिलं की कळतं, इथं मनावर फारसं सोडलेलंच नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पोरं तालमीतच झोपतात. घरच्या अंथरुणातून तालमीपर्यंतचा गारठ्यातला रस्ता, जिथं सगळे बेत बारगळतात, तो रस्ताच काढून टाकला आहे. दुसरी गोष्ट, उठल्यावर काय करायचं हे कुणी ठरवत बसत नाही. फावडं घेऊन हौदा खणायचा. ताक, तेल, हळद, लिंबू पाजून जपलेली ती माती रात्रीतून दबलेली असते. ती खणून, उलटून, सारखी केल्याशिवाय लढत होत नाही. खणणाऱ्याच्या पाठीला, खांद्याला, मांड्यांना त्या दहा-पंधरा मिनिटांत अशी ऊब येते की सदरा काढावासा वाटतो. आजचे प्रशिक्षक ज्याला वॉर्म-अप म्हणतात आणि ज्याचा लोकांना कंटाळा येतो, तो इथं एका आवश्यक कामात मुरवून टाकला आहे. मग जोर, बैठका, सपाटे. मग लढती.

तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे जोड. कुस्तीचा सराव एकट्याने होतच नाही. तुम्ही उठला नाहीत तर तुमच्या वजनाचा, तुमच्या तोडीचा दुसरा पोरगा मातीत ताटकळत उभा राहतो, त्याचा दिवस वाया जातो. आळस हा मग स्वतःपुरता राहत नाही, दुसऱ्याचं नुकसान होतो. आणि त्यावर वस्ताद. वस्तादाचा धाक सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या ज्या कामाबद्दल फारसं बोललं जात नाही ते म्हणजे चौकशी. ‘काल का न्हाईस आलास?’ हा प्रश्न विचारणारं माणूस असणं आणि नसणं, यात व्यायाम टिकण्याचं आणि सुटण्याचं अंतर आहे. दुखापत असेल तर तो हळद-तेल लावून बाजूला बसवतो, पण बसवतो तालमीतच. पोरगं लढत नसलं तरी वेळ मोडत नाही.

चौथी गोष्ट खुराक. घाम गाळून झाल्यावर बदाम, खसखस, बडीशेप वाटून केलेली थंडाई, दूध, तूप. कोल्हापूर शहरात गंगावेशीसारख्या ठिकाणी डोळ्यांदेखत म्हशीचं दूध काढून ग्लासात देणारे दूधकट्टे आहेत. मेहनत करून आलेल्या माणसासाठी तो फेसाळ ग्लास म्हणजे त्या पहाटेचा शेवटचा टप्पा. कष्टाला लगेच जोडलेलं सुख, हे सूत्र तालमीला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

आणि या सगळ्यांवर तारीख. अमुक दिवशी अमक्या गावचं मैदान आहे, तिथं हजारो लोकांसमोर उतरायचं आहे, गावाने आपल्यावर आशा ठेवली आहे. वारणाकाठच्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य आणलं, तेव्हा गावंच्या गावं त्यात भागीदार होती. खाशाबा जाधवांचं उदाहरण तर त्याहून बोलकं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ज्याच्यासाठी दुसऱ्याने घर गहाण टाकलं आहे, त्या माणसाला पहाटे उठायला निराळं स्फूर्तिगीत लागत नाही. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्या पहाटांमधून आलं. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो आणि तोही भर थंडीत येतो, हे मला फार योग्य वाटतं.

तालमीच्या मागे याहून जुना एक धागा या परिसरात आहे. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकाच्या मध्यात स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि जुने पारगाव हे दोन वारणानगरच्या अगदी आसपास आहेत. बत्तीस शिराळ्याचा तिसरा नदीपलीकडे. बलोपासनेला देवाचं ठिकाण आणि रोजची वेळ जोडून देण्याची ती कल्पना होती. विसाव्या शतकात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा असाच ध्यास घेतला, त्यावर पुस्तक लिहिलं, संस्थानातल्या शाळांमधून तो रोजच्या क्रमात बसवला. आजही रथसप्तमीला शाळांच्या पटांगणावर सामूहिक नमस्कार होतात. एका दिवसाच्या सोहळ्याने सवय लागत नाही, पण थंडी सरताना येणारी ही तारीख कुणाला दीड-दोन महिन्यांचा पल्ला म्हणून धरता येते.

आयुर्वेदाचंही मत इथं नोंदवायला हवं, कारण थंडी म्हणजे पडून राहण्याचा ऋतू हा समज त्याला मान्य नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हेमंत ऋतूत अंगाला तेल चोळावं, जाणकारांबरोबर कुस्ती खेळावी असं सांगितलं आहे. व्यायाम थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंत करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी, हे त्याचं सांगणं. आपल्याकडे ‘थंडीत व्यायाम करा’ एवढंच उचललं गेलं आणि ‘अर्धी शक्ती’ गळाली. पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारून तिसऱ्या दिवशी जिना उतरता न येणारे तरुण मी दर हिवाळ्यात पाहतो. अर्ध्या शक्तीवर थांबलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येऊ शकतो, यातच त्या नियमाचं शहाणपण आहे.

आता संशोधनाकडे वळू. २००२ साली ब्रिटनमध्ये मिल्न, ऑर्बेल आणि शीरन यांनी २४८ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. एका गटाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायाम न केल्याने हृदयविकार कसा होतो याची माहिती देऊन प्रवृत्त केलं. तिसऱ्याला तीच माहिती दिली आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठं व्यायाम करणार हे लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात पहिल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी, दुसऱ्यातल्या ३५ टक्क्यांनी आणि तिसऱ्यातल्या ९१ टक्क्यांनी एकदा तरी दमदार व्यायाम केला. नुसत्या प्रेरणेचा परिणाम जवळजवळ शून्य. अर्थात हा प्रयोग एका आठवड्याचा आणि विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेला होता. तो वर्षभराच्या सवयीचा पुरावा म्हणून वापरू नये. पण आपले व्हॉट्सअॅपवरचे सुप्रभात-सुविचार नेमके दुसऱ्या गटाला दिलेल्या माहितीसारखे असतात, हे लक्षात घ्यावं.

सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला. वागणं आपोआप घडू लागायला लागलेला मधला काळ ६६ दिवस निघाला. माणसामाणसात फरक इतका की कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या साध्या गोष्टींपेक्षा व्यायामाला वेळ अधिक लागला. कार्तिकात सुरू केलेला व्यायाम मार्गशीर्षात अजून जड जातो म्हणून निराश होणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. त्या वेळी तो अर्ध्या वाटेवर असतो. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला अधिक आश्वासक वाटतो. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही.

याला दुजोरा देणारा फार मोठा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका व्यायामशाळा-साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर चार-चार आठवड्यांच्या ५४ युक्त्या करून पाहिल्या. त्यांतल्या ४५ टक्के युक्त्यांनी आठवड्याच्या फेऱ्या ९ ते २७ टक्क्यांनी वाढवल्या. सर्वांत चांगली ठरलेली युक्ती कोणती, तर एक दिवस चुकल्यावर पुन्हा येणाऱ्याला छोटंसं बक्षीस देण्याची. मात्र चार आठवडे संपून युक्त्या थांबल्या तेव्हा परिणाम टिकला तो अवघ्या ८ टक्के युक्त्यांचा. बाहेरचा आधार काढला की इमारत खाली येते. तालीम हे जाणून होती, म्हणून तिने आधार कधी काढलाच नाही. वस्ताद चार आठवड्यांसाठी नेमलेला नसतो.

आधार निघाल्यावर काय होतं, हे पाहायला अमेरिकेपर्यंत जायची गरजही नाही. वारणा-कोडोली रस्त्यावर पहाटे भरतीची पोरं-पोरी धावताना दिसतात. पोलिस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. सैन्यात जाणाऱ्यांची परंपरा या जिल्ह्यात मोठी, शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी. या मुलांकडे तारीख आहे, सेकंदांचं माप आहे, बरोबरचे दहा जण आहेत, घरच्यांची आस आहे. थंडी त्यांना अडवत नाही. पण भरती झाली किंवा वय निघून गेलं की त्यातली बरीच मुलं दोन वर्षांत ओळखू येणार नाहीत इतकी सुटतात. पैलवानांचंही तेच होतं. लढत सुटते, खुराक सुटत नाही, आणि पन्नाशीत गुडघे, साखर, रक्तदाब. तालीम आणि भरती यांनी एक गोष्ट उत्तम साधली आणि एक राहून गेली. मैदान संपल्यानंतरच्या चाळीस वर्षांसाठी त्यांच्याकडे व्यवस्था नाही. आपल्याकडच्या व्यायामसंस्कृतीची ही सर्वांत मोठी उणीव आहे असं माझं मत आहे.

त्या चाळीस वर्षांतल्या माणसांची स्थिती काय आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यात महाराष्ट्रही होता, ५४.४ टक्के लोक शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळले आणि फावल्या वेळात व्यायाम वा खेळ करणारे दहा टक्क्यांहून कमी. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत सुमारे ४२ टक्के आणि स्त्रियांत सुमारे ५७ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम श्रमाची आहे, म्हणजे दिवसाला अर्धा तासदेखील पुष्कळ झाला.

‘आम्ही रानात राबतो, आम्हाला निराळा व्यायाम कशाला?’ असं इथं पुष्कळजण विचारतात. ज्याच्या हातात अजून खुरपं आणि कोयता आहे त्याचं म्हणणं बरोबर आहे. गळीत हंगामात बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबं पहाटे गारठ्यात फडात उतरतात, त्यांना व्यायामाचा उपदेश करणं क्रूरपणाचं ठरेल, त्यांना हवी आहे विश्रांती आणि पोटभर अन्न. पण ट्रॅक्टर, पंप आणि मोटारसायकल आल्यावर बागायतदाराचं राबणं पूर्वीचं राहिलेलं नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करावं लागेल. रानात जायला गाडी, बांधावर उभं राहून फोन, आणि पाणी पाजायला मोटारीचं बटण.

याच पाण्याची दुसरी बाजूही आहे. शेतीपंपाची वीज आठवडा-आठवड्याने रात्रीची येते. रात्री दोनला थंडीत उसाला पाणी पाजून आलेल्या माणसाला पहाटे पाचला उठ म्हणणं चुकीचं आहे. कारखान्यात हंगामभर चोवीस तास पाळ्या चालतात, रात्रपाळी करून सकाळी सुटणाऱ्या कामगाराचंही तेच. आणि म्हणून मी ठामपणे म्हणेन की, पहाटेचा आग्रह आपण सोडला पाहिजे. पाच वाजताच व्यायाम केला तर तो खरा, हा समज कितीतरी लोकांना व्यायामापासून दूर ठेवतो. जानेवारीत सव्वासातला कोवळ्या उन्हात निघालेला माणूस डिसेंबरात पाचला उठायचा पण करून महिनाभर न उठलेल्यापेक्षा कितीतरी पुढे असतो. संध्याकाळी साडेचार-पाचला शरीराचं तापमान चढलेलं असतं, स्नायू सैल असतात, ऊन असतं. थंडीत ती वेळ अनेकांना मानवते.

पहाटेचे काही धोकेही आहेत आणि उत्साहात ते झाकले जातात. हृदयविकाराचे झटके सकाळच्या तासांत अधिक येतात, त्या वेळी रक्तदाब मुळातच चढत असतो आणि गारठ्याने रक्तवाहिन्या आकसल्या की आणखी वाढतो. रक्तदाब, मधुमेह, दमा असणाऱ्याने डॉक्टरांना विचारून, ऊन पडल्यावर, घरातच दहा मिनिटं हातपाय हलवून मग बाहेर पडावं. पहाटेची हवा सर्वांत शुद्ध असते, हेही थंडीत नेहमी खरं नसतं. जमिनीलगत गार हवेचा थर साचतो आणि पाचटाचा, शेकोट्यांचा, गुऱ्हाळांचा धूर त्यातच अडकून राहतो. ऊन चढलं की तो उठतो. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, मागे दिवा नाही, धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही. चालणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे येणाऱ्या वाहनाला तोंड करून चालावं आणि अंगावर चमकणारा पट्टा ठेवावा. शाहूवाडी-शिराळा-पन्हाळ्याच्या पट्ट्यात उसात बिबट्याचा वावर असतो, त्यामुळे अंधारात एकट्याने रानवाटेला जाणं टाळलेलंच बरं.

हे सगळं पुरुषापेक्षा बाईला दुप्पट अडवतं. स्त्रियांच्या त्या ५७ टक्क्यांच्या आकड्यामागे आळस शोधू नये. थंडीच्या पहाटे वारणा खोऱ्यात सर्वांत आधी जी उठते ती बाईच. शेणघाण, वैरण, धार, चूल, मुलांचे डबे. संस्थेची दुधाची गाडी ठरल्या वेळी येते आणि ती थंडी म्हणून थांबत नाही. १९६८ पासून वारणा दूध संघाच्या गावोगावच्या संस्थांवर हा क्रम अखंड चालू आहे. या बायकांना उठण्याची प्रेरणा कुणी कधी दिली नाही. गाडी येणार, वही मांडलेली असणार, शेजारीण किटली घेऊन निघालेली असणार, एवढी व्यवस्था पुरली. त्यांना व्यायामाला मिळत नाही ती गोष्ट वेळ आहे, उजेड आहे आणि घरातून निघण्याची मोकळीक आहे. दुपारी चार ते साडेपाच ही त्यांची खरी वेळ. कुस्तीत मुली उतरल्या, मातीवरून मॅटवर गेल्या, पण त्यांच्या आयांना गावात निर्धास्त चालायला एक गोल मैदान मिळालं, असं फार थोड्या गावांबद्दल म्हणता येईल.

मग तालमीतलं काय घेऊन चाळीशीच्या माणसाला, बाईला देता येईल? तालमीत झोपायला जाणं नव्हे, हे उघड आहे. पण जोड देता येते. चौघा-पाचजणांचा गट, एकाच गल्लीतला, ज्यात एकजण न आला तर दुसरा त्याच्या दारात जाऊन हाक मारील. फोन नव्हे, हाक. फोन बंद करून झोपता येतं. वयाने, वेगाने साधारण सारखी माणसं असावीत, कारण फार पुढे चालणाऱ्याबरोबर मागचा महिनाभरात गळतो. खणण्यासारखं एक पहिलं काम ठरवता येतं, ज्याला विचार लागत नाही. घरासमोरचं अंगण झाडणं, बादलीभर पाणी झाडांना घालणं. ते झालं की अंगात ऊब आलेली असते आणि बूट पायात असतात. कपडे रात्रीच उशाशी काढून ठेवावेत. स्वेटर घालूनच पांघरुणाबाहेर यावं. व्यायामानंतरचा गरम चहा किंवा दूध व्यायामानंतरच घ्यावं, आधी नाही. आणि वस्तादाचं एक काम गटातल्या कुणीतरी मोठ्या माणसाने उचलावं. रागवायचं नाही, फक्त विचारायचं. विशेषतः आठवडाभर खाडा झालेल्याला. सर्दी, लग्नसराई, पाव्हणेरावळे, परगावी जाणं यातून प्रत्येकाचा खाडा होतोच, आणि आठ दिवसांनी परत यायला माणसाला थंडीपेक्षा लाज अधिक आडवी येते. अशा वेळी कुणी ‘ये की, आज निम्माच चालू’ म्हणालं तर तो येतो.

सहकाराने या खोऱ्यात साखर, दूध, बाजार, शाळा, वाद्यवृंद उभे केले. प्रत्येक गावात संस्था आहे, तिची इमारत आहे, सभासदांची यादी आहे, सगळे एकमेकांना नावाने ओळखतात. भगिनी मंडळाच्या बायका एकत्र येऊन कामं उभी करतात हेही इथं नवं नाही. शाळा-कॉलेजची मैदानं संध्याकाळी गावाला खुली ठेवणं, त्यांवर चार दिवे लावणं, ट्रॉल्यांच्या मागे परावर्तक असल्याशिवाय कारखान्याच्या काट्यावर वजन न करणं, हंगामी पाळ्यांप्रमाणे कामगारांचे गट पाडणं, तेरा डिसेंबरच्या मैदानाच्या सकाळी गावच्या प्रौढांची एक चालण्याची फेरी ठेवणं, यातलं एकही काम खर्चाचं नाही. निवृत्त पैलवान गावोगाव आहेत. त्यांना पहाटेची मोडलेली सवय परत हवी आहे आणि गावाला विचारपूस करणारा माणूस हवा आहे.